कसबाचे मोल

मुंबईच्या परळ, लालबाग, भायखळा या भागांस एके काळी गिरणगाव म्हणत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि ताडदेव येथे १८५६ साली तिचे काम सुरू झाले. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत शहरात सुमारे ऐंशी गिरण्या उभ्या राहिल्या व त्यांत दीड लाखाच्या आसपास माणसे राबू लागली. पहाटे भोंगा झाला की कोकणातून आणि घाटावरून आलेली ही माणसे चाळीचाळींतून बाहेर पडत आणि गिरण्यांच्या फाटकांत शिरत. बाहेरच्या जगाला ती सारी सारखीच दिसत. तिच्या लेखी ते सगळे 'गिरणीकामगार'. परंतु फाटकाच्या आत पाऊल टाकताच त्यांच्यात वरची व खालची पायरी पडे. कोणाला कुशल म्हणावयाचे, कोणाला साधा मजूर समजावयाचे, कोणाच्या हाताला किती दाम द्यावयाचा, हे तेथे ठरलेले असे. ते कसे ठरे, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रथम विणकराचे काम पाहू. विणाई खात्यात शेकडो माग ओळीने मांडलेले असत. प्रत्येक मागावर उभ्या धाग्यांचा पट ताणलेला असे व त्यातून धोटा मिनिटाला सुमारे दोनशे वेळा या कडेकडून त्या कडेकडे धावे. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असे. ती काही मिनिटांतच संपे. मग माग थांबवून रिकामी कांडी काढावी, भरलेली बसवावी, धोट्याच्या छिद्रातून दोरा बाहेर घ्यावा आणि माग पुन्हा चालू करावा, हे सारे काही क्षणांत उरकावे लागे. आडवा धागा तुटला तर माग आपोआप थांबे. उभ्या हजारो धाग्यांपैकी एखादा तुटला तर मात्र साधा माग थांबत नसे. तो विणकराच्या नजरेलाच दिसला पाहिजे. नाही दिसला, तर कापडात दोष उमटे. असे बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची रीत अनेक गिरण्यांत होती.

मुंबईचा विणकर साधारणपणे असे दोन माग सांभाळी. खात्यातील गडगडाट एवढा असे की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे; माणसे हाताच्या खुणांनी व ओठांच्या हालचालींनी बोलत. पण त्याच गडगडाटातून आपल्या मागाचा आवाज किंचित बदलला, तर जुन्या विणकराच्या ध्यानात येई. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा राखलेली असे. त्या उबाऱ्यात दिवसभर उभे राहून दोन मागांवर डोळा ठेवणे आणि तुटलेला धागा फणीतून नेमक्या जागी ओवून गाठ मारणे, ही विद्या चार दिवसांत येणारी नव्हे.

ही विद्या शिकविणारी शाळा मात्र कामगारांसाठी नव्हती. गावाकडून आलेला पोरगा आपल्या चुलत्याच्या किंवा मेहुण्याच्या मागाशी उभा राही, त्याच्या हाताखाली फुकट राबे आणि पाहून पाहून शिके. तो शिकला की नाही, हे ठरविणारा अधिकारी म्हणजे जॉबर. जॉबर हा स्वतः कधी काळी कामगारच असे. माग दुरुस्त करणे, माणसे कामास लावणे, गैरहजर माणसाच्या जागी बदली देणे आणि कामावर देखरेख ठेवणे ही सारी सत्ता त्याच्या हाती एकवटलेली असे. जॉबरने 'हा कामाचा आहे' म्हटले की माणूस कुशल ठरे. हे म्हणणे पुष्कळदा दस्तुरीवाचून होत नसे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या मजूरविषयक शाही आयोगाच्या अहवालाने या पद्धतीवर कडक टीका केली. पुढे १९३५ साली गिरणी मालक संघाने बदली कामगारांना महिन्यारंभी पासाचे कार्ड देण्याची व्यवस्था सुरू केली, तेव्हा जॉबरची पकड थोडी ढिली झाली. तथापि जॉबरला केवळ लाचखाऊ ठरवून मोकळे होणेही न्यायाचे होणार नाही. गिरणीच्या कचेरीत बसणाऱ्या साहेबाला कोणत्या कामगाराच्या हातात काय कसब आहे, याची सुतराम कल्पना नसे. ती जॉबरलाच असे. कसबाची नोंद कोठेही कागदावर नव्हती. ती एका माणसाच्या डोक्यात होती, आणि त्या माणसाची मर्जी विकत घेता येत होती, हा खरा दोष.

आता वाइंडिंग खात्याकडे वळू. साच्यावर कातलेले सूत लहान लहान बॉबिनांवर असते. ते मागावर जाण्यापूर्वी मोठ्या रिळांवर गुंडाळावे लागते आणि गुंडाळताना त्यातील कच्चे, जाडेभरडे भाग काढून टाकून धागा पुन्हा जोडावा लागतो. हे काम बहुतांशी स्त्रिया करीत. १९२० ते १९३० या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता व त्यांतील फार मोठा भाग वाइंडिंग आणि रीळकामात होता. धावत्या धाग्याचे तुटलेले टोक चिमटीत धरून, डोळ्यांनाही दिसणार नाही इतकी बारीक गाठ निमिषात मारणे, हे या स्त्रियांचे काम. गाठ जाड पडली तर ती पुढे मागावर फणीत अडके आणि धागा तुटे. म्हणजे विणकराचे कसब निम्मेअधिक या बायकांच्या बोटांवर अवलंबून होते.

परंतु या कामास 'कसब' असे कोणी म्हणत नसे. बायकांची बोटे मुळातच नाजूक व चपळ असतात, असे म्हटले जाई. जे जन्मतःच आले ते शिकलेले नव्हे, आणि जे शिकलेले नव्हे त्याला अधिक दाम कशाला, असा हा हिशेब. विणकराने चार वर्षांत मिळविलेली चपळाई ही त्याची कमाई ठरे. वाइंडिंगवालीने तितक्याच काळात मिळविलेली चपळाई ही निसर्गाची देणगी ठरे. त्यात मजुरी नगावर असल्यामुळे साच्याकडून सूत वेळेवर आले नाही तर बाईने तासन् तास हात बांधून बसावे. त्या बसण्याचे पैसे नाहीत. पुढे गिरण्यांत दोन-तीन पाळ्या सुरू झाल्या. स्त्रियांना रात्रपाळीस कायद्याने मनाई होती. वेगवान यंत्रेही आली, आणि गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण वर्षानुवर्षे घटत गेले.

सर्वांत विलक्षण गोष्ट विणाई खात्याच्या दाराशी घडत होती. साधारण कामगारांत विणकराची कमाई वरच्या पायरीची होती. साहजिकच ज्याला त्याला या खात्यात शिरावेसे वाटे. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. ते कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यात काम करीत. तेथे त्यांच्या हातचे सूत चाले, त्याच सुताचे कापड विणले जाई, तेच कापड सर्व जातींचे लोक अंगावर घालीत. मग अडत होते कोठे?

अडत होते धोट्याच्या छिद्राशी. नवी कांडी बसविली की धोट्याच्या बाजूच्या बारीक छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढावयाचा, म्हणजे दोरा खेचला जाऊन बाहेर येई. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्याही हाती येई. अस्पृश्याने ओठ लावलेला धोटा आपल्या तोंडाला कसा लावावा, असा स्पृश्य विणकरांचा आक्षेप होता. गिरणीच्या नियमांत ही बंदी कोठेही लिहिलेली नव्हती. लिहिण्याची गरजच पडली नाही. ती सर्वांना ठाऊक होती. मालकांनी ती मोडली नाही आणि सोबतच्या कामगारांनी ती मोडू दिली नाही.

वास्तविक दोरा तोंडाने ओढणे हा विणकराच्या कसबाचा भागच नव्हे. ती एक सोयीची, पण अनारोग्याची सवय होती. तिच्यामुळे रोग एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाण्याचे भय होते आणि सुताची धूळ व खळ पोटात जाई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या कापड उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या राज्याने अशा धोट्यांवर १९११ सालीच कायद्याने बंदी घातली होती. हाताने दोरा ओवता येईल असे धोटेही निघाले होते. म्हणजे जी क्रिया टाकून देण्याच्या लायकीची होती, तीच हजारो माणसांची लायकी ठरविण्याचे माप बनली होती! अहमदाबादच्या गिरण्यांतही हाच प्रकार होता. तेथे ज्यांना विणाई खात्यात मज्जाव होता त्यांत वणकर ही जात मोठी होती, आणि 'वणकर' या गुजराती शब्दाचा अर्थच विणकर असा आहे. पिढ्यान् पिढ्या हातमागावर कापड विणणाऱ्या लोकांना यंत्रमागाजवळ उभे राहण्यास नालायक ठरविण्यात आले.

हा प्रश्न चव्हाट्यावर आला तो १९२८ साली. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. संपाचे मूळही कसबाच्या मोजमापातच होते. काही मालकांनी नवी पद्धत आणली: विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावे, साच्यावरील माणसाने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्या. इंग्लंडातील लँकेशायरचा विणकर चार माग चालवितो, मुंबईचा दोनच. तेव्हा मुंबईचा कामगार अकार्यक्षम आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऐकावयास तो बिनतोड वाटतो. परंतु कामगारांचे म्हणणे असे की, लँकेशायरच्या मागावरचे सूत लांब धाग्याच्या चांगल्या कापसाचे असते, ते क्वचित तुटते. येथे आखूड धाग्याच्या कापसाचे सूत दिले जाते, ते वारंवार तुटते. दोन मागांवरच इतक्या गाठी माराव्या लागतात की तिसऱ्याकडे पाहावयास उसंत राहत नाही. कार्यक्षमता मोजावयाची तर ती मागांच्या संख्येने मोजावयाची, की मारलेल्या गाठींच्या संख्येने? मालक पहिले माप वापरीत, कारण ते त्यांना सोयीचे होते. मजुरीच्या बाबतीतही असाच पेच होता. अनेक ठिकाणी विणकराची मजुरी कापडाच्या वजनावर ठरे. बारीक सुताचे तलम कापड विणण्यास कसब अधिक लागते, पण ते वजनाला हलके भरते. त्यामुळे हात जितका बारीक कामात गुंतावा तितकी कमाई घटावी, असा उलटा न्याय घडे.

संपाच्या पुढाऱ्यांनी मालकांपुढे सतरा मागण्या ठेवल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळ भागातच राहत. विणाई खात्यातील बंदी हा मालकांइतकाच कामगारांनीही केलेला अन्याय आहे आणि तो दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत असली पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती मान्य केली. पण फारशा उत्साहाने नव्हे. एका बाजूने कामगारांची एकजूट पुकारावयाची आणि दुसऱ्या बाजूने आपल्यातल्याच काहींना वरच्या पायरीवर चढू द्यावयाचे नाही, ही विसंगती त्यांना बोचत असली तरी विणकरांना दुखविण्याची त्यांची तयारी नव्हती. ही बंदी त्यानंतरही अनेक वर्षे टिकून राहिली. दहा वर्षांनी, १९३८ च्या फेब्रुवारीत, मनमाड येथे भरलेल्या रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांना हाच विषय पुन्हा मांडावा लागला. रेल्वेतही तसेच आहे, हे त्यांनी दाखवून दिले. दलित कामगार रुळांवरच्या टोळीत गँगमन म्हणून आयुष्यभर राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. पोर्टरच्या कामासाठी लागणारी पात्रता म्हणजे स्टेशनमास्तरच्या घरात शिरण्याची मुभा, असा याचा अर्थ झाला.

१९२८ च्या संपानंतर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्यापुढे मालकांनी प्रत्येक कामाचे नाव व त्याचा दर लिहिलेली एक योजना ठेवली होती. तोपर्यंत एकाच कामाला या गिरणीत एक दर तर शेजारच्या गिरणीत दुसरा, अशी स्थिती होती. समितीने १९२९ साली अहवाल दिला. पण नव्या संपांच्या धामधुमीत ही योजना मागे पडली. अखेर १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांतील कामांची वर्गवारी करून त्यांचे दर बांधून दिले. सर्वांत खालच्या कामाचे मूळ वेतन महिन्याच्या २६ दिवसांना ३० रुपये ठरले आणि त्यावर एकेका कामाची पायरी रचली गेली. जॉबरच्या डोक्यातील हिशेब असा प्रथमच छापील कागदावर उतरला. त्याचा लाभ उघड आहे. कामगाराला आता आपल्या कामाचे नाव सांगून आपला दर मागता येऊ लागला. मात्र पूर्वी ज्या कामांना हलके म्हणत, ती कागदावरही पुष्कळशी खालच्याच पायरीवर राहिली. कागद जुन्या समजुतींना खोडतोच असे नाही. कधी कधी तो त्या पक्क्याही करतो.

त्याच सुमारास देशातील सर्व मजुरांसाठी कायद्याची तयारी चालली होती. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी १९४६ साली मांडले व १९४८ साली त्याचा कायदा झाला. या कायद्याखाली दर ठरविताना कामगारांचे अकुशल, अर्धकुशल व कुशल असे वर्ग पाडण्याची पद्धत रूढ झाली. २०१९ च्या वेतन संहितेतही अतिकुशल या वर्गासह ती कायम आहे. १९५० सालापासून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या आणि फिटर, टर्नर, वायरमन यांना परीक्षा व प्रमाणपत्र मिळू लागले. ज्याच्यापाशी प्रमाणपत्र तो कुशल, ही व्याख्या जॉबरच्या मर्जीपेक्षा निश्चितच चांगली होती. पण विणाई खात्यात चुलत्याच्या मागाशी शिकलेल्या माणसापाशी प्रमाणपत्र नव्हते.

कामाला कोणते नाव द्यावयाचे, यावर किती अवलंबून असते, हे पुढे कचेऱ्यांतही दिसून आले. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. मुंबईच्या एका कंपनीत स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळे. या स्त्रिया वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या विश्वासातील खाजगी लघुलेखिका आहेत, त्यांचा वर्गच वेगळा आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. विश्वासाचे काम सांगावयाचे आणि पगार कमी द्यावयाचा, हा तर्क मोठा अजब म्हटला पाहिजे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. पदाचे नाव काय आहे हे न पाहता प्रत्यक्ष काम सारखे किंवा सारख्या स्वरूपाचे आहे की नाही हे पाहावे, असे न्यायालयाने ठरविले व त्या स्त्रियांना समान वेतनाचा हक्क मिळाला. वाइंडिंग खात्यातील स्त्रियांना हा मार्ग उपलब्ध नव्हता. त्यांच्या खात्यात तुलनेसाठी पुरुषच नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत अखेरचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेण्यात आले नाही आणि पुढील वर्षांत एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. बाहेर पडलेल्या कामगारांपैकी काही गावी परतले, काहींनी भाजीची गाडी लावली, काही इमारतींच्या फाटकांशी पहारेकरी म्हणून उभे राहिले. मागाच्या आवाजावरून त्याचा बिघाड ओळखणारा माणूस नव्या कामासाठी गेला, की त्याला शिक्षण विचारले जाई आणि त्याचे नाव अकुशल वर्गात पडे. त्याने तीस-चाळीस वर्षे जे केले ते सिद्ध करणारा एकही कागद गिरणीने त्याला दिलेला नव्हता; फार तर हजेरीचे कार्ड होते.

प्रमाणपत्रावाचून काम शिकलेल्या माणसाची चाचणी घेऊन त्याच्या कसबास मान्यता देण्याची सोय २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. गवंडी, सुतार, शिंपी अशा अनेकांना तिच्याखाली प्रमाणपत्रे मिळतात. १९८२ च्या संपात जो विणकर ३० वर्षांचा होता, तो त्या वर्षी ६३ वर्षांचा झाला होता.